मापाचा ब्लाउज

सोलापुरात ब्लाउज शिवायला टाकताना बाई सहसा अंगाचं माप देत नाही. ती जुना ब्लाउज देते. बरोबर बसलेला एक ब्लाउज शिंपिणीकडे कायमचा ठेवून द्यायचा आणि पुढची सगळी कापडं त्यावरून शिवून घ्यायची. त्याला मापाचा ब्लाउज म्हणतात. टेप अंगाला लागत नाही, लाज वाटत नाही, वेळ वाचतो.

आमची शिंपीण साठीच्या पुढची आहे, सगळे तिला मावशी म्हणतात. शहराच्या पूर्वभागात राहते, घरात तेलुगू बोलते. नवरा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर काम करत असे. तिच्या खोलीत मशिनच्या मागे दोन फळ्या आहेत. वरच्या फळीवर मापाच्या ब्लाउजांच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, प्रत्येकीवर पट्टी चिकटवलेली. खालच्या फळीवर अकरा पिशव्या. त्या बायका वारल्या. त्यांचे ब्लाउज न्यायला कुणी येत नाही, कारण तो तिथे आहे हे घरात त्या बाईशिवाय कुणाला माहीत नसतं. मावशी त्या पिशव्या फेकतही नाही.

माझ्या थोरल्या बहिणीची पिशवी चार वर्षं वरच्या फळीवर होती. त्या चार वर्षांत तिच्या अंगाला कुणी टेप लावला नव्हता. तो वेळेत लागला असता तर ती दवाखान्यातही वेळेत पोचली असती का, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. मला माहीत आहे ते क्रमाने लिहिते.

ताई चोपन्न वर्षांची आहे. मंगळवेढ्याजवळ तिचं घर आणि ज्वारीचं रान. तिच्यासाठी कापड मी घेते, कारण मंगळवेढ्यात तिला हवं तसं मिळत नाही आणि सोलापुरात यायला तिला वेळ नसतो. मागच्या दिवाळीच्या आधी नवी पेठेतून मी तिच्यासाठी सहा ब्लाउजपीस घेतले.

पंचेचाळिशीनंतर कापड निवडण्याचे नियम बदलतात. अंगातून एकाएकी वाफा निघतात, म्हणून मिश्र धागा चालत नाही, निव्वळ सुती लागतं. ते उजेडासमोर धरायचं, विणीत डोळे दिसले तर परत द्यायचं. आडवं ताणून बघायचं. धागे सरकले तर काखेतली शिवण सहा महिन्यांत फाटणार. ओला रुमाल घासायचा. रंग आला तर दुकानदार कितीही शपथा घेवो, उठायचं. घरी आणल्यावर एक दिवस मिठाच्या पाण्यात, मग सावलीत वाळवून, मगच शिंपिणीकडे. कापडानं काय आटायचं ते शिवण्याआधी आटलं पाहिजे. बाही कोपरापर्यंत, काखेत हात वर करण्यापुरती ढील, गळा मागे उंच. ताईचे ब्लाउज लांब असतात, पाटावर वाकली तरी पाठ उघडी पडू नये म्हणून.

"टिकंल का?" मी विचारलं होतं.

"बाई, पंधरा वर्षं पुन्हा माझ्या दुकानाचं तोंड बघणार नाही तुम्ही," दुकानदार म्हणाला.

मावशीनं कापडं मोजून घेतली आणि ताईची पिशवी खाली काढली. "म्याडम, हे माप चार वर्षांचं झालं," ती म्हणाली. "अक्काला एकदा घेऊन या की. या वयात अंग सहा महिन्यांत बदलतं."

"तिला वेळ नाही. सुटलीच असेल तर थोडी सुटली असेल. यावरूनच शिवा, आत कापड जास्त ठेवा."

हे वाक्य माझं आहे. मावशीनं दोन्ही बाजूंच्या शिवणीत इंचभर कापड जास्त ठेवलं. या कापडाला शिवणकामात माया म्हणतात. मध्यम वयाच्या बायकांना ती नेहमी जास्त लागते, कारण त्या ब्लाउज उसवून मोठा करायला येतात. मावशीच्या सांगण्याप्रमाणे तिच्या चाळीस वर्षांच्या कामात या वयाची बाई ब्लाउज आत घ्यायला फार क्वचित आली.

दिवाळीला ब्लाउज पोचले. मी फोन केला.

"बरोबर बसले," ताई म्हणाली.

संक्रांतीला मी मंगळवेढ्याला गेले. रानात ज्वारी निसवून दाण्यात आली होती. ताईनं नवा ब्लाउज घातला होता आणि बाही दंडावर नीट बसली होती. ती हळदीकुंकवाला बायकांच्या हातात वाण देत होती. हात पुढे केला की हिरव्या बांगड्या मनगटाशी यायच्या, हात वर केला की पार कोपरापर्यंत घसरायच्या. मी ते पाहिलं.

"लई बारीक झालीस गं," शेजारीण म्हणाली. "काय खातीस ते आमाला बी सांग की."

"भाकरी खाते अन् सासूची बोलणी खायची ऱ्हायली, म्हणून उतरलं," ताई म्हणाली. बायका हसल्या. तिची सासू वारून दोन वर्षं झाली होती.

"पण पोट न्हाय उतरलं बगा!" दुसरी म्हणाली.

"ते वयाचं हाय. ते मला घेऊनच जायचं."

पुन्हा हसल्या. मीही हसले. परत येताना बसमध्ये मी तिच्या बांगड्यांचा विचार केला आणि सुगी जवळ आली, पळापळ असते, असं स्वतःला सांगितलं.

मार्चमध्ये दाजी कामासाठी सोलापूरला आले आणि जाताना एक पिशवी देऊन गेले. त्यात दिवाळीच्या सहापैकी दोन ब्लाउज होते, हुक तुटलेले. एक परकर होता, त्याची नाडी बदलायची होती. मी पिशवी न उघडता मावशीकडे टाकली आणि ऑफिसला गेले. दुपारी तिचा फोन आला.

"या. फोनवर नको."

कटिंगच्या टेबलावर तिनं तीन गोष्टी मांडल्या होत्या. डावीकडे मापाचा जुना ब्लाउज, मध्ये नवे दोन, उजवीकडे परकर. नव्या ब्लाउजांची बाही उलटी केलेली. तिनं काही सांगण्याआधी मला बघू दिलं.

मशिनच्या शिवणीच्या आत हातानं घातलेली दुसरी शिवण होती. टाके बारीक, पांढऱ्या दोऱ्याचे. तिच्या आत तिसरी, काळ्या दोऱ्याची. म्हणजे बाही एकदा नाही, दोनदा आत घेतली होती. दुसऱ्या ब्लाउजलाही तसंच. परकर उलट होता. कमरेची पट्टी उसवून मध्ये चार बोटं रुंद कापड जोडलं होतं, आणि ते पुरलं नाही म्हणून दुसऱ्या बाजूला आणखी एक तुकडा. त्याचा रंगही वेगळा.

"दंड आत, कंबर बाहेर," मावशी म्हणाली. "बाई सुटते तवा सगळी सुटते. वाळते तवा सगळी वाळते. हे असं दोन्ही बाजूंला, हे वयाचं न्हाई, म्याडम."

मी काहीतरी म्हणाले. बहुधा 'परकर कुणा दुसऱ्याचा असेल' असं. मावशी वाकली, खालच्या फळीवरची एक पिशवी काढली, त्यातला निळा ब्लाउज उलटा करून माझ्यासमोर ठेवला. त्याच्या बाहीत तशाच दोन शिवणी होत्या. फक्त त्या मशिनच्या होत्या.

"ह्या मी घातल्या," ती म्हणाली. "ती यायची, म्हणायची मावशी बाही आत घ्या, मी घ्यायचे. म्हणायची परकर सैल करा, मी करायचे. मला कळलं न्हाई. टाके माझे हाएत."

तिनं ब्लाउज घडी करून परत पिशवीत घातला. पिशवी पुन्हा खालच्या फळीवर गेली.

मी तिथूनच ताईला फोन लावला.

"ब्लाउज बसले म्हणालीस ना?"

"बसले की बरोबर."

"मग बाह्या दोनदा आत का घेतल्यास?"

"शिंपीण हाय का पोलीस ठाणं हाय?"

"ताई."

"हुक बसवायला दिलते. उलटून कुणी बगायला सांगितलं?"

"किती दिवस झाले?"

"दिवाळीच्या आधीपास्नं." आवाज खाली गेला. मागे कोंबडीला हुसकावल्याचा आवाज आला. "ऐक बारके. पुढल्या महिन्यात पोरीचं ओटीभरण हाय. मग ती सातव्यात हिकडं यायची, पहिलं बाळंतपण. मी पडले तर तिचं कोण बगणार? तिची सासू काय म्हणंल? एकदा पोरगी मोकळी झाली की तू म्हणशील त्या डॉक्टरकडं येते. तोवर कुणाला बोलू नगं."

"दाजींना माहीत आहे?"

"त्यास्नी माझं पोट सुटल्यालं दिसतंय. तेवढंच दिसू दे."

तिचा हिशेब सरळ होता. लेकीचा पाचवा संपत आला होता, म्हणजे अजून चार महिने. आजार तितके दिवस थांबेल असं ती धरून चालली होती. दुखत नाही म्हणत होती. भूक कमी, दोन घासांत पोट भरतं, एवढंच.

मी आठ दिवस काही केलं नाही. तिनं शब्द घेतला होता आणि मी फोनवर हो म्हटलं होतं. ते आठ दिवस मी रोज वर्तमानपत्राच्या ऑफिसला गेले, पानं लावली, इतरांच्या बातम्यांतल्या चुका काढल्या. नवव्या दिवशी ताईला फोन करून सांगितलं की ओटीभरणाचा ब्लाउज मावशी जुन्या मापावर शिवायला तयार नाही, तुला स्वतः यावं लागेल. यातलं पहिलं अर्धं खरं होतं. उरलेलं मी आणि मावशीनं ठरवलं होतं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ती सकाळच्या एसटीनं आली. ऊन दहाच्या आधीच अंगावर येत होतं. स्टँडवरून रिक्षात बसताना तिनं पायरीवर पाय ठेवला आणि क्षणभर थांबली, दोन्ही हातांनी पोट सावरलं. सात महिन्यांची गरोदर बाई सावरते तसं.

मावशीनं दार लोटून घेतलं, पंखा बंद केला, कारण टेप उडतो. ताईनं पदर काढला. मी टेबलाशी कागद घेऊन बसले. माप मोठ्यानं सांगायचं आणि दुसऱ्यानं लिहायचं, अशी तिथली पद्धत आहे.

"खांदा, साडेचौदा," मावशी म्हणाली. "आधी पंधरा होता. छाती छत्तीस. आधी अडतीस. हात वर करा अक्का. दंड," तिनं टेप पुन्हा लावला, "साडेदहा. आधी तेरा."

"रानात राबतीया बाई," ताई म्हणाली. "दुकानात बसून ऱ्हात न्हाय."

"मी पण मशिनवर राबते, अक्का. माझा दंड बघा. सोळा." मावशीनं बाही वर करून दाखवली. "तुमी म्हणता तसं राबून झिजत असतं तर मी एव्हाना दोरा झाले असते."

ताई हसली. टेप कमरेला लागला तेव्हा तिनं श्वास आत ओढला.

"सोडा. श्वास सोडा. अंग चोरून माप द्याल तर ब्लाउजच चोर निघंल."

ताईनं श्वास सोडला.

"बेचाळीस," मावशी म्हणाली. "आधी छत्तीस."

मी लिहिलं. मावशीनं एक बोट ताईच्या कुशीवर, बरगडीच्या खाली ठेवलं, जरा दाबलं, काढलं. परटानं पीळ बघावा तसं, कपड्यात पाणी उरलंय का ते.

मग तिनं कापड उलगडलं. ओटीभरणासाठी मी आणलेलं, मोरपंखी सुती, तलम पण घट्ट विणीचं. ते टेबलावर पसरलं, खडूनं एकही रेघ ओढली नाही, पुन्हा घडी घातली आणि ताईच्या हातात दिलं.

"काय झालं?" ताई म्हणाली. "कापड खराब हाय?"

"कापड सोन्यासारखं हाय. माप खराब हाय. हे माप पंधरा दिवसांत खोटं होणार. खोट्या मापावर मी कात्री लावत न्हाई. आधी एकदा लावली, आता न्हाई. आधी डॉक्टरला दाखवा. मग या, मी समोर बसवून शिवून देते."

"पोरीची ओटी हाय ओ मावशी. मी काय फाटकं नेसून बसू?"

"बसा. पण बसा तर खरं."

ताईनं माझ्याकडे बघितलं. मी कागदाकडे बघत होते. "तुमी दोगींनी मिळून आणलंय मला हितं," ती म्हणाली. रागानं नाही. ओटीभरणाचा ब्लाउज न शिवता परत गेलं तर लेकीला, विहिणीला, दाजींना काय सांगायचं याचा ती विचार करत असावी. थोड्या वेळानं म्हणाली, "दुपारची गाडी चुकंल."

त्या दुपारी सोनोग्राफी झाली. पोटात पाणी होतं आणि उजवीकडे गाठ. किती दिवसांपासून आहे, असं डॉक्टरांनी विचारलं. ताई म्हणाली, "सुगीपास्नं." मी म्हणाले, "दिवाळीच्या आधीपासून." त्यांनी माझं लिहून घेतलं.

पुढचं थोडक्यात. पोटातलं पाणी काढलं, शस्त्रक्रिया झाली, त्यानंतरची सलाइनची औषधं दर तीन आठवड्यांनी ठरली. ओटीभरण विहिणीनं सासरीच उरकलं. ताईला तिथे जाता आलं नाही. मोरपंखी कापड घडीतच राहिलं. लेक सातव्यात माहेरी म्हणून माझ्या घरी आली, कारण ताईही माझ्याच घरी होती. दोघी एका खोलीत पडून असायच्या, एकीला पोटामुळे उठता यायचं नाही, दुसरीला औषधामुळे. एकमेकींना पाणी द्यायला दोघी उठायच्या आणि मी दोघींना ओरडायचे.

मावशी महिन्यातून एकदा घरी यायची, टेप घेऊन. आम्ही तिला बोलावलं नव्हतं. पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली, नवीन मापाचा ब्लाउज करायचा तर अंग स्थिर झालंय का ते बघावं लागतं. तिनं सैल, पुढून नाड्यांनी बांधायचे दोन ब्लाउज शिवून आणले होते, आतून शिवणी दाबलेल्या, कातडीला काही टोचू नये म्हणून. सुईच्या हातासाठी डावी बाही रुंद. कापड मऊ, पण रोज धुऊन टिकेल असं. पैसे विचारल्यावर ती लेकीशी बाळंतविड्याबद्दल बोलायला लागली.

मापं मी त्याच कागदावर लिहीत गेले, एकाखाली एक. मे महिन्यात कंबर छत्तीस, दंड दहा. जूनमध्ये कंबर छत्तीस, दंड दहा. दोनदा तोच आकडा आला तेव्हा मावशी पहिल्यांदा आमच्या घरी चहा प्यायली. ताईची पिशवी कुठे आहे ते मी तिला विचारलं नाही. ती म्हणाली, "वरच हाय."

जुलैत लेक मोकळी झाली. मुलगी झाली. ताईनं तिला मांडीवर घेतलं, पायापासून डोक्यापर्यंत हात फिरवला, आणि बारशाला मोरपंखी ब्लाउज घालणार असं जाहीर केलं. मावशीला निरोप गेला. ती दुसऱ्याच दिवशी दुपारी आली. कात्री, खडू आणि टेप घेऊन, इथेच कापते म्हणाली, संध्याकाळपर्यंत शिवून देते.

ताई उभी राहिली. डोक्याला रुमाल होता. लेक आतल्या खोलीत बाळाला पाजत होती, दार अर्धं उघडं होतं. मावशीनं पंखा बंद केला.

"खांदा चौदा. छाती चौतीस."

मी लिहिलं.

"दंड साडेनऊ."

मी लिहिलं. टेप कमरेला गेला. या वेळी ताईनं श्वास ओढला नाही. ती नीट उभी होती, सोडून. मावशीनं टेप लावला, काढला, पुन्हा लावला. मग आकडा सांगायच्या ऐवजी तिनं टेपवर अंगठा दाबून धरला आणि तसाच माझ्याकडे आणला. मी वाचलं. अंगठा साडेअडतीसवर होता.

"किती आलं?" ताईनं विचारलं.

आतून बाळ चुटचुट दूध पीत असल्याचा आवाज येत होता.

"छत्तीस," मी म्हणाले.

"मागल्यासारखंच?"

"मागल्यासारखंच."

"बरोबर हाय की मग," ताई म्हणाली. तिनं पदर खांद्यावर घेतला, कमरेशी हात नेला, परकराची नाडी चाचपली, सोडली. माझ्याकडे बघितलं नाही. "कापा, मावशी. बारसं परवा हाय."

मोरपंखी कापड टेबलावर पसरलेलं होतं. मावशी खडू हातात धरून उभी राहिली. कात्री तिच्यासमोर होती. तिनं ती उचलली नाही.